खालच्या गावचं पाणी

आई, काल सुनेनं विचारलं, आपण विहिरीचं पाणी का पीत नाही. मी म्हटलं, खारट आहे. खरं सांगायचं तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढं बळ आता उरलेलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि आपल्या गावात दुधाचं केंद्र आलं. दारात पहिली संकरित गाय आली. तिच्या चाऱ्याच्या लसूणघासासाठी बाबांनी ज्वारीचं रान मोडलं, विहिरीवर मोट जाऊन इंजिन बसलं. दूध भरपूर निघायचं. पण केंद्रवाले कॅन धुतलेलं पाणी आणि नासलेलं दूध ओढ्यात सोडायचे. उन्हाळ्यात ओढ्यावर पांढरट साय धरायची, आणि काठावरच्या आपल्या विहिरीलाही तोच आंबूस वास लागला. म्हशीसुद्धा हुंगून तोंड फिरवायच्या.

तू विहिरीची कळशी भरून थेट केंद्रातल्या साहेबांपुढे गेलीस. मी मागे उभी होते.

"सायेब, घोटभर घ्या की."

"मावशी, हे पिण्याचं पाणी नाही."

"आमी तर हेच पितो."

त्यांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. तू दूध घालायचं बंद केलंस, बाकीच्या बायकांनाही सांगितलंस. त्यांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी दुधाच्या चरव्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. शेजारची काकू म्हणाली, "दूध न्हाय घातलं तर पोरांनी खायाचं काय?"

पुढे केंद्रानं सिमेंटची नळी टाकून ते पाणी शिवेपलीकडे नेलं. गाव खूश झालं. आपलंही दूध पुन्हा सुरू झालं. तू एकटीच चुलीपुढे म्हणालीस, "खालच्या गावच्या बायकांनी काय करायचं?"

काही वर्षांनी मला त्याच गावात दिलंत. स्थळ चांगलं होतं. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी इथल्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. तू घोट घेतेस, तोंडात धरतेस, गिळतेस.

"पानी बरं हाय का गं हितलं?"

"बरं आहे."

तू सगळा तांब्या संपवलास. एसटी येईपर्यंत माझा हात सोडला नाहीस.

तू हे जग सोडून गेलीस. केंद्राची मोठी डेअरी झाली, विहिरी मागे पडल्या, बोअर पाताळात गेले तरी घास पाणी मागतोच. आम्ही प्यायला जार विकत आणतो. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते : आमच्या दावणीलाही जर्शी गायी आहेत, आणि आज सकाळचं दूध मीच त्या डेअरीत घालून आले.