वरच्या वाडीचं पाणी

३ ऑक्टोबर
पोहोचलो एकदाच्या! आल्प्समधलं दोनशे माणसांचं गाव. त्याच्या खाली, नदीकाठी मैलापाणी शुद्ध करण्याचं केंद्र आणि त्याला चिकटून आमचं दोन खोल्यांचं घर. माझी आयता नऊ वर्षांची. लाल हातमोजे न काढताच पलंगावर उड्या मारत होती. नाताळपर्यंत ही नोकरी आणि हे घर टिकवलं तर ती माझ्याकडे राहील, नाहीतर बापाकडे, असं न्यायाधीशबाईंनी सांगितलंय. टिकवेन.

५ ऑक्टोबर
निवृत्त झालेल्या दूरीकाकांनी काम समजावून दिलं. घाबरू नकोस पोरी, म्हणाले, वास आठवड्यात जातो, गावातली तोंडं मात्र रोज बघावी लागतात. पाणी आत येतं तिथल्या जाळीत अडकलेली वस्तू ते धुऊन फाटकाजवळच्या तारेला चिमट्याने लावायचे. ज्याची असेल तो गुपचूप घेऊन जातो. पाद्रीबाबांची कवळी दोनदा लटकली होती, म्हणे! सांडपाणी दोन मोठ्या नळांतून येतं, एक गावाचा, एक डोंगरातल्या वरच्या वाडीचा. वरच्या नळाची झडप कधी बंद करू नकोस, एवढंच बजावलं. कारण विचारलं तर शिट्टी वाजवत सायकलवर बसले.

११ ऑक्टोबर
पाण्यावरून यंत्र माणसं मोजतं. गाव साडेसहाला उठतं, रविवारी आठला. पण वरच्या वाडीचं पाणी रोज सहालाच चढतं. कोमट, साबणाच्या फेसाचं. यंत्र म्हणतं, अकरा माणसं. वर कोण राहतं, असं बेकरीवाल्या बार्लाबाईंना विचारलं. अक्रोडाचा केक गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, कुणी नाही गं मेंजिया. हिमकडा कोसळला तेव्हा अकराच्या अकरा गेले. तीस वर्षं घरांना कुलपं आहेत.
केकचे पैसे घेतले नाहीत.

१६ ऑक्टोबर
वरच्या नळातून लहान मुलाचा राखाडी हातमोजा आला. तारेला लावला. कुणी नेला नाही.

२० ऑक्टोबर
सोमवारी तपासनीस येणार. वरच्या फुटक्या नळात झऱ्याचं स्वच्छ पाणी शिरत असणार, आणि ते शुद्ध करत बसले तर ठपका माझ्यावर. वरची झडप बंद केली. झऱ्याला साबण कुठून, हा विचार केला नाही. करायचाच नव्हता.

२२ ऑक्टोबर
तपासनीस खूश होऊन गेला. आयता मात्र चिडलीय. माझ्याआधी कोण अंघोळ करतं, म्हणते, माझा टॉवेल रोज ओला असतो! मीच करते, म्हटलं.
मी केली नव्हती.

२४ ऑक्टोबर
वरचा नळ कोरडा. आमच्या घराच्या सांडपाण्याच्या नळातून अकरा माणसांचं पाणी. सहा वाजता. आम्ही दोघी झोपलेल्या असताना.

२५ ऑक्टोबर
आयता त्या अकरा जणांची नावं सांगते. त्यांची वाट बंद झालीय, म्हणते. बिचारे. त्यांना थोडं वरपर्यंत पोचवून येऊ का, असं तिने विचारलं.
निघून जावं. पण न्यायाधीशबाईंना काय सांगू? वेडी ठरले तर आयता गेलीच.

२६ ऑक्टोबर
झडप उघडायला गेले, एकटीला हलेना. दूरीकाकांना बोलावलं. झडप बघितली आणि टोपी काढली. एवढं एकच सांगितलं होतं गं, म्हणाले. दोघांनी मिळून फिरवली. नळ घुसमटला, मग मोकळा झाला.
आयता दारात उभी होती. हातमोजे घालून.

२७ ऑक्टोबर
घर कोरडं. टॉवेल कोरडे. आयताचाही.
सहाला वरचं पाणी चढलं. यंत्र म्हणतं —
पुन्हा बघितलं. बारा.
हाका मारल्या. पलंगावर नाही. रस्त्यावर —
बारा.
जाळी खडखडतेय. काहीतरी लाल अडकलंय. मी ते तारेला लावणार नाही. कुणीही म्हटलं तरी मी ते —