पडद्यामागची जागा

६ जानेवारी, मंगळवार

मैत्रीची मुलाखत झाली. पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षांच्या पोरीची मुलाखत. महाराजांच्या संस्थेची शाळा; अख्ख्या उलव्यात एवढी उंच कमान दुसरी नाही. आत चपला काढायच्या. भिंतीवर पाटी : 'सात्त्विक डबाच आणावा'. तिचा बाप, आमचा संदेश, नवा शर्ट घालून ताठ बसलेला. प्रवेश जणू त्यालाच हवा.

मोठ्या मॅडमनी इंग्रजीत विचारलं, एखादं गाणं येतं का. आमच्या नातीने हात मागे बांधले आणि गुरुजींची कविता सुरू केली, मी शिकवलेल्या चालीत :

आली भरती, गेली भरती, वाळूवरती पाय;
पुसता पुसता लाट विचारी, नाव तुझे रे काय?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी तेवढ्यात मनाने गावी, सुरंगोळच्या शाळेत जाऊन आलो. सारवलेली जमीन, बाहेर सुरंगीचा वास, गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरतायत... गुरुजींनी स्वतः रचलेली कविता, कुठल्याच पुस्तकात नाही. चालही त्यांचीच. आता ती फक्त माझ्याकडे. आणि मैत्रीकडे.

'किती शुद्ध,' मॅडम म्हणाल्या. 'सुरंगोळकर म्हणजे तुम्ही मूळचे कोकणातले. मग काय, घरातच आहे ते.' काय घरात आहे, ते बोलल्या नाहीत. संदेश नुसता हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

रिक्षात विचारलं, असा का हसलास. म्हणाला, 'बाबा, मी खोटं काय बोललो?'

नाही बोलला. तेच तर.

१० जानेवारी, शनिवार

पहिल्या यादीत मैत्रीचं नाव. आता फक्त गृहभेट. म्हणजे शाळेच्या दोन बायका घरी येणार, 'घरचं वातावरण' बघणार, मग कायम. मी पावण्याच्या रसायनांच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं, आलेला माल तपासून घ्यायचो. तिथेही पिंप उघडून बघायचे, पिंपाचं घर बघायला कुणी जात नसे.

दोघींपैकी एक आमच्याच सोसायटीतली. बी विंगच्या नाडकर्णी काकू, महाराजांच्या मोठ्या भक्त, शाळेच्या समितीवर. तिची नात ईश्वरी त्याच वर्गात जाणार. लिफ्टमध्ये भेटली. आजवर मान हलवायची, आज थांबून बोलली. 'अहो, बरं वाटलं हो. हल्ली आपल्यातली मुलं मागेच पडतात.'

आपल्यातली.

सुरंगोळात आमची वाडी नदीपलीकडे. आम्ही बौद्ध. आडनाव गावाचं लागलं ते गुरुजींमुळे. शाळेत नाव घालताना वडिलांना म्हणाले, गावाचंच लावू, पोराला पुढे बरं पडेल. एवढी वर्षं तो मला उपकार वाटत आला.

१३ जानेवारी, मंगळवार

संदेशने जेवताना विषय काढला. सरळ नाही. आधी हॉलला रंग देऊ म्हणाला. मग पडदे. मग म्हणाला, 'तो फोटो एका सकाळपुरता आत ठेवूया का?'

तो फोटो. बुद्ध आणि बाबासाहेब, एकाच चौकटीत. शांताने, माझ्या बायकोने, चैत्यभूमीवरून आणलेला. गर्दीत काच फुटू नये म्हणून डोक्यावर धरून चालली होती. ती गेल्यावरही रोज फूल असतं. ते काम मैत्रीचं.

मी म्हटलं, 'फोटो उतरवायचा तर मलाही उतरव. मीही हॉलमध्येच असतो.'

मग तो बोलला. इतकं एकदम मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. 'कॉलेजात पहिल्या दिवशी बोर्डावर माझ्या नावापुढे कॅटेगरी लिहिलेली होती, बाबा. चार वर्षं मी तेवढाच होतो. ऑफिसात अजून कुणीतरी हसत हसत विचारतो, तुला मार्क किती होते रे. तिला पहिलीत तरी नुसती मैत्री राहू दे. तुम्ही कविता म्हणत बसलात, तुम्हाला काय कळणार.'

शेवटचं वाक्य नको होतं. त्याआधीचं सगळं खरं होतं.

वैशाली, आमची सूनबाई, ताटं उचलता उचलता म्हणाली, 'ही शाळा मी का निवडली ते दोघांपैकी कुणी विचारलंत? मला जासईच्या कंटेनर यार्डातून यायला सात वाजतात. तिथे मुलांना तोवर सांभाळतात. बाकी तुमचं चालू द्या.'

१५ जानेवारी, गुरुवार

दुपारी मैत्रीला माझी आवडती गोष्ट सांगितली. शंभरदा सांगितली असेल, आधी संदेशला, आता हिला. साहेब शाळा तपासायला येणार होते. गुरुजींना त्यांच्यापुढे आपली कविता म्हणवून घ्यायची होती. वर्गात माझ्याइतकी चाल कुणाला येत नव्हती. म्हणून गुरुजींनी विश्वासाने माझ्यावर काम सोपवलं : खोतांच्या वसंताला कविता शिकवायची. रोज शाळा सुटल्यावर शिकवली. साहेब आले, वसंता पुढे उभा, आणि मी बाहेर खिडकीखाली. तो विसरला की हळूच पुढचा शब्द सांगायचा. दोनदा विसरला. दोनदा सांगितला. साहेबांनी वसंताच्या पाठीवर थाप मारली. गुरुजींनी नंतर मला खडीसाखर दिली आणि म्हणाले, तू होतास म्हणून अब्रू राहिली.

हे शेवटचं वाक्य मी नेहमी दोनदा सांगतो. आजही सांगितलं.

मैत्री म्हणाली, 'पण तुम्हाला येत होती ना? मग तुम्हीच का नाही म्हटली?'

मी म्हटलं, अगं, गुरुजींनी...

तिने वाट बघितली. मग खेळायला गेली.

डोक्यावरून विमानं सारखी उतरतायत. एरवी मला त्यांच्याकडे बघून काहीतरी सुचतं, आज नाही.

१८ जानेवारी, रविवार

गृहभेट आज. सकाळी खाडीकडे फेरी मारून आलो तर फोटोच्या खिळ्याला मोराचं घड्याळ. नवीन, किमतीची चिकटपट्टी तशीच. फोटो कपाटात चादरींच्या खाली. पालथा.

तो बाहेर काढला, सदऱ्याने पुसला, आणि हॉलमधल्या माझ्या खुर्चीत बसलो. मांडीवर फोटो, तोंड दाराकडे. संदेश आंघोळीहून आला आणि जागीच थांबला. 'बाबा, प्लीज.' मी म्हटलं, भिंतीवर नको म्हणालास. भिंतीवर नाही. एवढ्यात बेल वाजली.

मॅडम आणि नाडकर्णी काकू. दोघींची नजर आधी घड्याळावर, मग माझ्यावर, मग मांडीवर. मॅडमचं हसू उतरलं नाही. उलट वाढलं. तिथेच मला सगळं समजलं.

'अय्या, बाबासाहेब,' मॅडम म्हणाल्या. 'आम्हालाही फार वंदनीय.' आणि मग काकूंकडे न बघता, 'आम्हाला वाटलं होतं...'

'काय वाटलं होतं?' मी विचारलं.

'नाही, काही नाही. आमच्याकडे सगळे समान.'

चहा घेतला. आल्याचा वास छान आलाय म्हणाल्या. वैशालीने स्वयंपाकघर दाखवायची तयारी केली होती, भांडीसुद्धा घासून लावलेली. ते बघायला कुणी उठलंच नाही. मैत्रीला काही विचारलं नाही. निघताना काकू दारात म्हणाल्या, आवाजात काळजी ओतून : 'पण मग तुमची कुठेतरी कोट्यातून सोय होतच असेल ना? उगाच इथे कशाला टेन्शन घेताय?'

'तुमच्या शाळेत कोटा नाही,' मी म्हटलं. 'संस्थेला भाषिक अल्पसंख्याक दर्जा आहे ना, महाराज परराज्यातले म्हणून. आम्हीही अल्पसंख्याकच आहोत, काकू. पण कागदावरचे.'

दार लागल्यावर संदेशने घड्याळ काढलं, फोटो माझ्या मांडीवरून घेतला, खिळ्याला लावला, सरळ केला. सगळं अगदी सावकाश. मग म्हणाला, 'झालं समाधान?'

२३ जानेवारी, शुक्रवार

संदेश बोलत नाही. मीठ हवं असलं तरी मैत्रीमार्फत मागतो. नाडकर्णी काकू मला बघून लिफ्टमधून बाहेर आली, काहीतरी विसरल्यासारखं पर्स चाचपत जिन्याकडे गेली. सोसायटीच्या ग्रुपवर तिचा मेसेज : काही घरांतून मासळीचा वास येतो, इतरांच्या श्रद्धेचा विचार करावा. मी खाली लिहिलं, आमच्या घरी बोंबील रविवारी असतात, अगत्य येणे. वैशालीने फोन हातातून घेऊन ते पुसायला लावलं. तोवर अर्ध्या सोसायटीने वाचलं होतं. तीन अंगठे आले, त्यातला एक वॉचमनचा.

३१ जानेवारी, शनिवार

अंतिम यादी. ईश्वरी नाडकर्णी आहे. मैत्री नाही. 'प्रतीक्षेत' आहे.

संदेश शाळेत जाऊन आला. कारण विचारलं तर म्हणे, निकष समग्र असतात. मला म्हणाला, 'शब्द आवडेल तुम्हाला. शुद्ध आहे.'

तेरा दिवसांनी माझ्याशी बोलला, ते हे.

खरं लिहायचं तर : मी मांडीवर फोटो घेऊन बसलो तो कुणासाठी? बाबासाहेबांना माझ्या मांडीची गरज नव्हती. मला त्या दोघींचे चेहरे बघायचे होते. बघितले. आता वैशाली पाळणाघरं शोधत फिरतेय, आणि एका बाईने सेक्टर विचारायच्या आधी आडनाव विचारलं.

तरी पुन्हा तो रविवार आला तर मी पुन्हा तसाच बसेन. हेही खरं.

९ फेब्रुवारी, सोमवार

नाडकर्णी काकू स्वतः दारात. हातात तिळाच्या वड्या, संक्रांत उलटून किती दिवस झाले. मी खुर्चीतून उठलो नाही.

मॅडमना ती कविता विसरता येत नाही म्हणे. मराठी दिनाला महाराज शाळेत येणार आहेत. नव्या मुलांपैकी एकाने त्यांच्यापुढे अस्सल मराठी काहीतरी म्हणावं असं ठरलंय. ईश्वरी म्हणेल. पण ती कविता कुठल्या पुस्तकात सापडत नाही, आणि चाल तर... 'तुम्ही शिकवाल का तिला, आजोबा? रोज संध्याकाळी पाठवते.' आजवर मी 'अहो' होतो. आज आजोबा झालो.

मी विचारलं, मैत्रीला येते की. तीच का म्हणत नाही?

'ती अजून आपल्या शाळेची नाही ना,' काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, 'पण प्रतीक्षा यादी हलते हो. महाराजांपुढे कार्यक्रम चांगला झाला तर मॅडम शब्द टाकतील. मी आहे ना समितीवर.'

शांता असती तर तिने वड्या परत दिल्या असत्या. मी दिल्या नाहीत. मैत्रीने दोन खाल्ल्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

संदेश खुर्चीजवळ येऊन बसला. जमिनीवर, लहानपणी बसायचा तसा. 'बाबा, शिकवा ना.' एवढंच.

तो भांडला असता तर सोपं गेलं असतं.

गुरुजी आज दिवसभर डोळ्यापुढे. चांगला माणूस. आमच्या वाडीत पाणी पिणारा गावातला पहिला. मला खरंच वाटत आलं की त्यांनी मला निवडलं होतं. निवडलंच होतं. खिडकीखालच्या जागेसाठी. ते मला कळायला इतकी वर्षं लागली, आणि सहा वर्षांच्या पोरीचा एक प्रश्न.

संध्याकाळी काकूंना निरोप दिला. शिकवतो. एका अटीवर : म्हणतील तर दोघी म्हणतील, शेजारी शेजारी उभ्या राहून.

काकू म्हणाल्या, विचारून सांगते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

उत्तर आलं. काकू खूश होत्या. आपण भांडून काहीतरी मिळवून आणलं असा चेहरा.

'मॅडम हो म्हणाल्या. मैत्री पण असेल. फक्त स्टेजवर एकच मूल बरं दिसतं, महाराजांना गर्दी आवडत नाही. मैत्री पडद्यामागे उभी राहील. ईश्वरी लहान आहे, अडखळली तर पुढचा शब्द सांगायला.'

मी काकूंकडे बघत राहिलो. तिला काहीच ठाऊक नव्हतं. कुठली खिडकी, कुठला वसंता. तिला हे आपलं आपणच सुचलं होतं, सहज. मला राग यायला हवा होता. आला, पण आधी थंडी वाजली.

संदेश म्हणाला, 'पडद्यामागे का होईना, शाळेत तर असेल.' वैशाली म्हणाली, 'आणि शब्द टाकलाच नाही त्यांनी तर?' मग दोघांचं लागलं. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, ते बरं.

रविवारी, म्हणजे उद्या, काकू माझं उत्तर न्यायला येणार.

मैत्रीला यातलं एवढंच समजलंय की पडदा आहे. हॉलच्या पडद्यामागे उभी राहून तिची तालीम चाललीय. पडद्याखाली नुसती पावलं दिसतात. आवाज मात्र घरभर. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मग मध्येच थांबली आणि पडदा बाजूला करून डोकं बाहेर काढलं.

'आजोबा, ईश्वरी विसरली तर मी सांगणार. पण मी विसरले तर मला कोण सांगणार?'