बागेवाचून चौदा दिवस

३ एप्रिल
सिद्ध करावयाचे ते असे : आमच्या गल्लीमागची जुनी बाग ही शोभा नसून गरज आहे, ती तोडून वाहनतळ बांधणे म्हणजे हातचे घालवणे. नगरपालिकेच्या समितीपुढे सुनावणी एकवीस तारखेस. आज दुपारी दोन वाजता मोजले — डांबरी रस्त्यावर एक्केचाळीस अंश, जुन्या झाडांखाली पस्तीस. बागेतल्या विहिरीस पाणी, आसपासच्या कूपनलिका ठणठणीत कोरड्या. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकविले. इतका भक्कम युक्तिवाद हाती आला नव्हता.

४ एप्रिल
नगर अभियंता हसला! 'सर, थंडावा पटला. पण माणसांना काय फायदा? चार म्हाताऱ्या गप्पा छाटतात, एवढंच ना?'
आक्षेप उद्धट, परंतु रास्त. तुलना हवी. त्या चौघींतली एक माझी थोरली बहीण — अक्का, वय ब्याऐंशी, अकरा वर्षे रोज संध्याकाळी त्याच बाकावर. उद्यापासून चौदा दिवस तिने बागेत जाऊ नये. रक्तदाब, झोप आणि दिवसभरात बोललेली वाक्ये मी नोंदवीन.
'बागेसाठीच बागेत जायचं नाही? तुझं डोकं म्हणजे ना! बरं, बसते घरात.'

५ एप्रिल
वाक्ये त्रेसष्ट. पैकी चाळीस माझ्या निंदेची.

११ एप्रिल
झोप चार तास. वाक्ये एकोणीस. उतार स्पष्ट!
दारात अक्काच्या बाकावरची सोबतीण, शिंपीण. 'अक्का आजारी आहे, का तुम्ही डांबून ठेवलंय?' कारण समजावून सांगितले. 'मास्तर, पुरे की आता. सात दिवसांत कळलं नाही, ते चौदात काय कळणार?'
अर्धवट नमुना कोणी ग्राह्य धरीत नाही, हे तिला कोण सांगणार!

१७ एप्रिल
वाक्ये पाच. इतका स्वच्छ आलेख मी आयुष्यात काढला नव्हता.

१९ एप्रिल
काल चौदा दिवस पुरे झाले. आज सकाळी म्हणालो, 'चल अक्का, बागेत.' ती खुर्चीतून उठली — आणि कोसळली. खुब्याचे हाड मोडले.
इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारले, 'आजी, चक्कर कधीपासून येत होती?'
'चौथ्या दिवसापासून.'
मी ओरडलोच — मला का सांगितले नाहीस?
'तू औषध आणलं असतंस. मग तुझे आकडे बिघडले असते.'
तीन वाक्ये. मी मोजली. तेव्हाही मोजली!

२१ एप्रिल
बाग राहिली. समितीने तोच आलेख एकमुखाने मान्य केला. अक्का पुन्हा चालेल अशी आशा धरू नका, असे डॉक्टरीणबाई म्हणतात.
चूक एक, आणि ती कबूल करतो : सिद्धता सातव्या दिवशीच पूर्ण झाली होती. पुढचे सात दिवस मी केवळ आलेख देखणा व्हावा म्हणून घेतले.
— अक्काचा धाकटा भाऊ