आठव्या जुडीचा दोरा

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या शिंप्याचा दंडवत. गुडघे काय म्हणतात? मी तसा ठणठणीत आहे, पण कालपासून छातीत शिवणयंत्र चालू आहे आणि त्याला पाय लावावा लागत नाही.

काल लेकीच्या होणाऱ्या सासूबाई पहिल्यांदा जेवायला आल्या. (बाई पंचवीस वर्षं खानावळ चालवतात, मीठ नुसत्या वासावरून ओळखतात.) लेकीने बजावलं होतं, "बाबा, सूप करा, त्यात एनोकी घाला, आणि कलाकुसर करू नका." एनोकी ही आळंबीची एक नाजूक जात. मी आपला छत्रीसारखं काहीतरी मिळेल म्हणून पिशवी उघडून उभा, तर भाजीवाल्याने हातात दिला चक्क पांढऱ्या दोऱ्यांचा गुंडा! प्रत्येक दोऱ्याला टाचणीच्या डोक्याएवढी टोपी. मी हबकलोच. हे शिजवायचं की सुईत ओवायचं? तो म्हणाला, "बूड कापा, मिनिटभर उकळा, झालं."

बूड कापलं मात्र, अख्खा गुंडा ओट्याभर विस्कटला. ताई, सुटा धागा दिसला की चाळीस वर्षं माझा हात आपोआप पुढे जातो. त्यातून ही सोयरीक जुळावी म्हणून जीव टांगणीला लागलेला. मी आठ जुड्या केल्या आणि प्रत्येकीला पांढऱ्या सुती दोऱ्याची गाठ मारली. (बटणाला मारतो तीच, जन्मात न सुटणारी.) वाढण्याआधी कापणार होतो गं, देवाशपथ! पण बाई अर्धा तास आधीच हजर, आणि लेकीने वाडगे परस्पर बाहेर नेले.

मी कात्री घेऊन धावलो. (पहिल्याच भेटीत कात्री परजत आलेला व्याही!) "वरून कांद्याची पात कापून घालतो," म्हणत बाकीच्या वाडग्यांतून सात दोरे काढले. आठवा बाईंच्या वाडग्यात होता. वाडगा रिकामा होता आणि बाई तोंड पुसत होत्या.

तुझा उसवलेला,
धाकटा

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. तू तीस वर्षं नर्स होतीस. वीतभर दोरा पोटात गेला तर माणसाचं काय होतं? लगेच कळव. लेकीला एका अक्षराने बोलू नकोस.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवतोय तोच बाईंचा फोन. पोट उत्तम, लग्नाला होकार! वर म्हणाल्या, "त्यात ते एक लांबलचक होतं ना, चावता चावता संपेना, तसं मला कधीच जमलं नाही. रविवारी माझ्या स्वयंपाकघरात करून दाखवा." औषधाचं राहू दे, ताई. गुडघे दुखोत की राहोत, तू रविवारी ये, आणि मी दोरा घालीपर्यंत बाईंना बोलण्यात गुंतव.