सम्यकची वाटी

२२ एप्रिल
शेवटी कळलं! दूध. गाईच्या दुधातलं प्रथिन आमच्या दीड वर्षाच्या सम्यकला सोसत नाही. अंगावरचं पुरळ, शीमधलं रक्त, ती किरकिर — सगळं त्यानंच. आणि तो अशक्त म्हणून आम्ही त्याला आणखी पाजत होतो! थोडं रडले. मग भूक लागली.

२४ एप्रिल
देवगाव रंगारीहून सासूबाई आल्या. हातात किटली, काठोकाठ भरलेली.

"गाईचं चालत नाय म्हनला ना डाक्टर? हे म्हशीचं हाय!"

आकाश तोंड फिरवून हसला. आई त्याची, समजवायचं मी! डॉक्टरांनाच फोन लावला, स्पीकरवर. म्हशीचं नाही, शेळीचंही नाही — त्यानंही तोच त्रास. बदामाचं, तांदळाचं दूध नुसतं देऊन भागणार नाही. कॅल्शियम घातलेलं, बिनसाखरेचं सोयाचं दूध द्या, म्हणाले.

सासूबाईंनी डोळे विस्फारले. "सोयाबीन? ते तर आपन लासूरला मोंढ्यात इकतो! पोराला पाजायचं?"

२६ एप्रिल
सोयाचा पहिला घोट — आकाशच्या इस्त्रीच्या शर्टावर.

२७ एप्रिल
केळं कुस्करून घातलं. गेलं पोटात! सासूबाईंनी नाचणीची पेज केली, तीही चाटूनपुसून. किटलीतल्या दुधाचा आम्ही मोठी माणसं चहा पितोय. फक्कड होतो.

२९ एप्रिल
सम्यकला नारिंगी वाटी, पेला, चमचा आणला. आमच्या दुधाचा थेंबही लागायला नको. वेगळा कप्पा केला, वाटीवर पांढरी पट्टी चिकटवून ठळक लिहिलं — फक्त सम्यक. स्वतःवरच खूश आहे.

१ मे
वाटी सगळ्यांच्या भांड्यांत! उचलून कप्प्यात ठेवली. संध्याकाळी पुन्हा तिकडेच. सासूबाई म्हणतात, "घासलेली हाय की." म्हशीचं दूध नाकारल्याचा राग, दुसरं काय!

५ मे
पुन्हा पुरळ. समोर दिसली म्हणून आकाशने त्याच वाटीत दही खाल्लं आणि नुसती विसळून ठेवली. त्याला झापलं. मग सासूबाईंनाही बोलले, जोरात. "पोराच्या जिवाशी खेळ चाललाय का?" त्या उठून आत गेल्या. जेवल्याही नाहीत. मला वाईट वाटलं, पण रागही गेला नाही.

९ मे
पुरळ गेलं, अबोला आहे.

सोमवारी बुद्धपौर्णिमा. विहारातल्या खिरीचं पातेलं यंदा महिला मंडळाने सासूबाईंवर सोपवलंय. मी आपलं सहज म्हटलं, सम्यकची खीर मी घरून वेगळी आणेन.

"नाय."

बस्स, एवढंच! आता धाकधूक लागलीय. तिथं सगळ्यांसमोर हट्टाने भरवली तर? मी त्याला कडेवरून खाली सोडणारच नाही.

१२ मे
वंदना झाली. सासूबाई पहिली वाटी भरून सरळ सम्यककडे! मी हात आडवा घातला.

"खाऊ दे. नारळाचं दूध हाय," त्या म्हणाल्या. "समदं पातेलंच."

अख्ख्या विहाराची खीर! मंडळातल्या मंजुषाताई हात चोळत म्हणाल्या, "सकाळधरनं नारळ खवायला लावलं बाई तुझ्या सासूनं. लई खट आहे!" सम्यकने दोन वाट्या संपवल्या आणि तिसरीसाठी भोकाड पसरलं. मीही तीच खाल्ली, झकास झाली होती. हसू आवरेना. चला, दुधाचं पटलं म्हणायचं एकदाचं!

१३ मे
सकाळी चहा घेताना म्हटलं, "त्याच्यापुरती वेगळी केली असती तर एवढे नारळ लागले नसते."

"दुधाचं तर मला पहिल्याच दिशी पटलं व्हतं," त्या म्हणाल्या. "ल्हानपनी आईसंगं दुसऱ्याच्या वावरात जायची मी. आमचा चहाचा कप गोठ्याच्या वळचणीला, येगळा. त्याच्यावरबी खूण असायची. माह्या नातवाच्या वाटीला खूण नको, एवढंच."

मी शहरात वाढलेली. हे सगळं ऐकलेलं होतं, तरी माझ्या त्या पट्टीत मला ते दिसलं नाही.

पट्टी काढली. नवी लिहून दुधाच्या पातेल्यावर लावली. आता ते राहील वेगळ्या कप्प्यात.