एकदाच विचारणाऱ्यांच्या देशातून

अल नहदा, शारजा

चि. सौ. अनुपमा हिस दादाचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का आणि मुरलीधररावांचा खोकला हटला का, ते सविस्तर कळवावेस. (मागच्या पत्रात तू ‘सगळे ठीक’ एवढेच लिहिलेस. त्यात क्रियापद नव्हते, म्हणून काळजी वाटली.) माझी प्रकृती उत्तम आहे, परंतु ती इथे सव्वीस तारखेपर्यंतच असेल. गेल्या आठवड्यात निनादने विचारले, "बाबा, आता इथेच राहता का? रेसिडेन्स व्हिसा करून घेतो." मी रीतीप्रमाणे नको म्हणालो. सांगलीत परका माणूसदेखील निदान तीनदा विचारतो. माझा सख्खा मुलगा "बरं, जशी तुमची इच्छा" म्हणाला आणि फोनवर परतीची विमाने पाहू लागला.

निरोपादाखल शुक्रवारी सर्वांनी मला इमारतीखालच्या कोलंबियन खाणावळीत नेले. एका बाजूस लाँड्री, दुसऱ्या बाजूस मोबाईल दुरुस्तीचे दुकान आणि मधल्या चिंचोळ्या जागेत चार टेबले व प्लास्टिकच्या खुर्च्या. (फळ्यावरील इंग्रजीत तीन चुका होत्या, चौथीविषयी मी साशंक आहे.) मालकीणबाई स्वतःच रांधतात आणि स्वतःच वाढतात. मी शाकाहारी असल्याचे सूनबाई स्मिताने त्यांना इंग्रजी, हिंदी आणि हातवारे यांच्या साहाय्याने समजावले. मग मक्याची जाड भाकरी आली, तिच्या पोटात वितळलेले चीज. सोबत राजमा, भात आणि पिकल्या केळ्याचे तळलेले काप. मी नावे ठेवण्याच्या पूर्ण तयारीने बसलो होतो. त्या भाकरीने ती संधी दिली नाही.

ती संपते तोच बाई दुसरी गरम भाकरी चिमट्यात धरून आल्या. मी ताटावर आडवा हात धरून "नो, नो" म्हणालो. आपल्या पंगतीत या हाताचा अर्थ नवख्या वाढप्यालाही कळतो: हात बाजूला सारावा आणि वाढावे. (बोटांमध्ये मी पुरेशी फट ठेवली होती, हेही नमूद करतो.) बाई मान डोलावून शेजारच्या टेबलाकडे वळल्या आणि माझी भाकरी एका फिलिपिनो गृहस्थाच्या ताटात पडली. त्या गृहस्थाने एकदाही नको म्हटले नाही.

थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या. आता आग्रह होणार, या विश्वासाने मी हसून पोटावरून हात फिरवला. "खलास?" त्यांनी विचारले. दुसऱ्याच खेपेस आणखी वाढून घेणे हावरटपणाचे दिसले असते, म्हणून मीही "खलास" म्हणालो. त्यांनी ताट उचलून नेले. त्यात केळ्याचे दोन काप होते, शेवटच्या घासासाठी राखलेले.

"आजोबा, यू सेड नो. लाइक, ट्वाइस," नातू रेयांश म्हणाला. (या वाक्यातील ‘लाइक’चे प्रयोजन त्यालाही सांगता आले नाही.) निनाद म्हणाला, "बाबा, हवं होतं तर हवं म्हणायचं ना." चव्वेचाळीस वर्षांचा मुलगा बापाला मागून घ्यायला सांगतो. पाहुण्याने मागायचे आणि यजमानाने वाट पाहायची, ही पद्धत मला या वयात शिकता येणार नाही.

तुझा,
विष्णूदादा

ता. क. : तिकीट अद्याप काढलेले नाही. तू त्याची आत्या आहेस. निनादला फोन करून, बाबांना राहण्याचा आग्रह कर, असे बजावावेस. तीनदा करावा, तिसऱ्या खेपेस मी ऐकेन. हे तुला आपणहून सुचले असे भासवावेस. (इथल्या भिंती पातळ असल्याने मी फोन करीत नाही, या पत्राचा फोटो पाठवीत आहे.)

दुसरा ता. क. : वरील मजकूर लिहीत असतानाच निनाद दाराशी येऊन, "बाबा, नक्की जायचंय ना?" असे विचारून गेला. मी सवयीने हो म्हणालो. आता एकच खेप उरली आहे. फोन आजच करावास.