वॉचमनचा कुत्रा जाड का झाला

ठमे,

दुकान उघडायला निघतोय. तू झोपली आहेस ते बरंच आहे, समोर बोलायला माझी जीभ रेटत नाही.

तू मांस सोडलंस तेव्हा मी काय काय बोललो! अंगात ताकद राहणार नाही, झाडांनाही जीव असतो, दोन-दोन स्वयंपाक कोण करणार, खाटकाच्याच पोरीने सोडलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल. तू वाद घातला नाहीस. मग मी तुझ्या भाज्यांच्या सूपमध्ये गुपचूप हाडं उकळलेलं पाणी घालायला लागलो. चार महिने घातलं. परवा तू पाण्याचे दोन कॅन एका दमात गच्चीवर नेलेस, तेव्हा मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला, की ही आपल्या सूपची करामत!

काल वॉचमनने सांगितलं, त्याचा कुत्रा एवढा गुटगुटीत कशाने झाला ते. म्हणजे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. रोज ते सूप तू खाली नेऊन त्याला घातलंस, स्वतः कोरडा पाव खाल्लास आणि आईजवळही माझी चहाडी केली नाहीस.

चुकलो गं. बाकी सगळ्या सबबी होत्या. खरं एवढंच, की मांस सोडणं मला जमलं नसतं. तुला जमलं, तेही माझ्या घरात राहून.

गॅसवर नवीन पातेल्यात नुसत्या भाज्यांचं सूप आहे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आधी कुत्र्याला हुंगायला दे. त्याने तोंड फिरवलं, तर बिनधास्त पी.

बाबा